बिनओठांचं फूल

बियाण्यांच्या नर्सरीतल्या काचघरात दोघी बहिणी स्नॅपड्रॅगन या फुलझाडाचं संकरित बी तयार करत. कळी उमलायच्या आतच ताई ती चिमट्याने उघडून आतले चारही परागकोश खुडायची. मग धाकटी चिऊ दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावून वर कागदी पिशवी चढवायची. उघड्यावर हे काम भुंग्याचं. या फुलाचे दोन ओठ घट्ट मिटलेले असतात. अंगात जोर असलेला भुंगा रेटून आत घुसला तरच उघडतात.

त्या सकाळी चिऊला एक वेगळंच झाड दिसलं. त्याच्या फुलांना ओठच नव्हते. सरळ गोल नळी आणि पाच सारख्या पाकळ्या.

"ताई, हे बघ! लाखात एखादं निघतं असं."

ताई वाकली, तेवढ्यात दार लाथेने उघडलं. दाजी होते. त्यांच्या माराला कंटाळून ताई नुकतीच चिऊकडे राहायला आली होती.

"घरी चल. चार लोकांत नाक कापलंस माझं."

"नाही येणार."

त्यांनी तिचे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुढचा दात तुटला. चिऊने पत्र्याची झारी त्यांच्या पाठीत घातली. ते वळले, तिचा गळा आवळून तिला भिंतीवर रेटलं. काच फुटून तिच्या खांद्यात घुसली. कुंड्या कोसळल्या. चिऊचे डोळे पांढरे व्हायला लागले.

ताईने कलमाचा चाकू त्यांच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसला.

ते गुरासारखे ओरडत कोसळले. रक्ताची चिळकांडी उडाली.

"मरू दे मेल्याला," चिऊ खोकत म्हणाली.

ताईने एप्रनची नाडी ओरबाडून काढली आणि जखमेच्या वर करकचून आवळली. "मेला तर सुटेल. मला तो कोर्टात उभा हवाय."

"तुला जिवंत सोडणार नाही," ते कण्हले.

"आधी तू जिवंत राहा." तिने गाठ आणखी ओढली.

दाजी वाचले. ते झाड मात्र पायाखाली चिरडलं गेलं होतं; चिऊने उरलेली फांदी वाळूत खोचली, तिला मुळं फुटली. कोर्टात दाजींच्या वकिलाने ताईलाच खुनशी ठरवायचा घाट घातला. तुटक्या दातामुळे ती बोबडं बोलली, पण सगळं बोलली. दाजींना कैद झाली, ताई सुटली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर चिऊ ढसाढसा रडली.

"पुरे गं," ताई म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही. आधी जेवू."