फ्लेक्सच्या पाठीवरची जाळी

"चालक जयवंत यांनी कूलंट न तपासल्याने ग्रंथदिंडीत फिरत्या वाचनालयाच्या गाडीचे इंजिन तापून निकामी झाले, सबब त्यांना सेवामुक्त करावे."

मुलुंडच्या आमच्या वाचनालयाचे कार्यवाह श्यामसुंदर यांचा हा अहवाल. सोबत पुरावा एकच: इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या रिकाम्या टाकीचे छायाचित्र. राख दाखवून लाकूड मुळातच जळके होते, असे सिद्ध करणाऱ्या या विद्वत्तेला वंदन करून मी, चौकशी समितीचा एकमेव सभासद, भांडुपच्या गॅरेजात गेलो.

"टाकी रिकामी म्हणून इंजिन तापलं, की तापलं म्हणून टाकी रिकामी झाली?"

"आता कसं बरोबर विचारलंत, सर!" मेकॅनिक चंद्रप्रकाश खुलला. रेडिएटर सुटा काढून त्याने दाबाखाली तपासला, गळती नव्हती. थर्मोस्टॅटची झडप गरम पाण्यात टाकताच उघडली. पंप, पंखा, नळ्या, सारे निर्दोष. "सगळं झकास. मग वाट लागली कशाने?"

त्याच कुतूहलाने मी गाडीचे तोंड न्याहाळले. रेडिएटरसमोरच्या जाळीला, चारही कोपऱ्यांत, सुतळीच्या गाठी होत्या.

तिथे काय बांधले होते ते पाहायला मी वाचनालयाच्या माळ्यावरून दिंडीचा फ्लेक्स काढून घेतला. त्यावर माय मराठी अंगठ्याएवढी आणि श्यामसुंदर पुरुषभर. उलटून पाहिला, तर त्यांच्या हसऱ्या मुखाच्या बरोबर मागे जाळीची नक्षी उमटलेली. पंख्याने फ्लेक्स ओढून जाळीला चिकटवला होता. लेझीमपथकामागे दोन तास मुंगीच्या चालीने, आणि रेडिएटरला वारा नाही!

मात्र फ्लेक्सवर आडव्या घड्याही होत्या. कोणीतरी तो आधी गुंडाळून वर बांधला होता.

मी चालकाला बोलावून घेतले. "हे तू केलंस, जयवंत?"

"हो सर. जाळी मोकळी राहायला हवी ना."

"मग खाली सोडला कोणी?"

तो चपलेकडे पाहू लागला. "आधीच नोकरीवर गदा आहे, सर. साहेबांच्या फोटोबद्दल मी काय बोलू?"

सभेत मी फ्लेक्स टेबलावर पालथा अंथरला आणि घड्यांवर बोट ठेवले. श्यामसुंदरांनी वाकून स्वतःच्याच पाठीकडे पाहिले. त्यांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः नोंदले आहे:

"गुंडाळल्यावर माझा फोटो दिसेना, म्हणून मीच तो सोडायला लावला. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्याचं जयवंत दोनदा सांगायला आला. पण पुढच्या चौकात फोटोग्राफर उभे होते."