गाडीला धाप लागते

चौऱ्याऐंशी साली आम्ही नवी कोरी गाडी घेतली आणि त्याच वर्षी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या दोन गोष्टींची गाठ कुठे पडते हे कळेपर्यंत माझं माहेर तुटायची वेळ आली होती.

गाडी माझ्या धाकट्या भावाच्या ओळखीने मिळाली. गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपवर तो देखरेख करायचा. टाय लावून काचेच्या केबिनमध्ये बसायचा, म्हणून आमचे हे त्याला 'साहेब' म्हणत. आधी कौतुकाने, मग चेष्टेने, आणि पुढे पुढे तर दात आवळून.

ह्यांचं औषधांचं दुकान होतं. तोवर बहुतेक औषधं तयार यायला लागली होती, पण दोन-चार मिश्रणं हे अजून स्वतःच्या हाताने करून बाटलीत भरून देत. ह्यांचा एकच मंत्र होता: वास आला, म्हणजे औषध उडालं. त्यामुळे ह्यांच्या हातचं बूच म्हणजे बूच! घरातसुद्धा तेच. चहाच्या डब्याचं झाकण ह्यांनी लावलं, की ते उघडायला ह्यांनाच हाक मारावी लागे. "अहो, चहा हवाय की नुसता डबा बघायचाय?" असं मी कितीदा ओरडले असेन.

आई धाकट्याकडे राहायची, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ऑपरेशन झालं नदीपलीकडच्या मोठ्या गावात. त्या काळी डोळ्याला टाके घालत, आणि दर आठवड्याला दाखवायला जावं लागे. धाकट्याला सुट्टी मिळायची नाही. मग हे दुकान नोकराच्या हवाली करून आईला घेऊन जायचे. मी आईशेजारी मागे बसायची.

पहिल्याच फेरीला आईला पेट्रोलच्या वासाने मळमळायला लागलं. ती तशी सोसणारी, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की उलटी होऊ द्यायची नाही, जोर पडला तर टाके निघतील आणि डोळा जाईल. आई रस्ताभर तोंडावर पदर धरून बसली. ह्यांनी आरशातून तिच्याकडे दोनदा बघितलं.

पुढच्या खेपेला वास नव्हता. आई म्हणाली, "सवय झाली बाई मला." मलाही तसंच वाटलं.

पण त्या खेपेपासून गाडी बंद पडायला लागली.

गावातल्या गावात कितीही फिरवा, पोरगी शहाणी. नदीचा पूल ओलांडून चढ लागला, की आधी अडखळायची, मग हुंदके द्यायची, आणि चढाच्या मध्यावर गप्प. पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवली की पुन्हा सुरू. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत, हे खिडकीतून हात काढून सगळ्यांची माफी मागत, आणि आई काळ्या चष्म्यातून सरळ समोर बघत म्हणे, "आलं का हो दवाखान्याचं दार?"

गाडी गॅरंटीत होती. हे ती धाकट्याच्या वर्कशॉपला घेऊन गेले. मीही सोबत होते. तिथे आधी गाडीला काय होतंय ते सांगायचं. ह्यांनी रोग्याचं सांगावं तसं सांगितलं, "तिला धाप लागते."

फोरमनने मान वर केली. "काय लागते?"

"धाप. चालून चालून दम कोंडतो. मग पडते. थोडा वेळ पडू दिली, की उठते."

दोन मेकॅनिक तोंड फिरवून हसले. धाकटाही हसला. "भावजी, दमा झालाय का गाडीला? मग औषध तर तुमच्याच दुकानात मिळेल."

त्यांनी बॉनेट उघडलं, पेट्रोल घातलं, फाटकाबाहेर चक्कर मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली. हे सगळं पुन्हा एकदा झालं, आणि पुन्हा एकदा. हे म्हणायचे, पंप बदला. ते म्हणायचे, पंप ठणठणीत आहे.

शेवटच्या वेळी धाकट्याने गिऱ्हाइकांनी भरलेल्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, "कंपनीने नाही म्हटलंय, भावजी. गाडीत दोष नाही. चालवण्यात दोष असेल तर तो गॅरंटीत बसत नाही."

तो असं मुद्दाम म्हणाला नसावा. त्याचा मॅनेजर मागेच उभा होता. पण हे गाडी चालवायला शिकले होते चाळिशी उलटल्यावर, आणि त्या गोष्टीला फार जपायचे. ह्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. "बरं, साहेब," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "तू जा हवं तेव्हा. मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

तू जा! एका गावात राहून, दोन गल्ल्यांवर आई असताना, एकटीने चोरासारखं जायचं आणि दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं, याला माहेर म्हणत नाहीत. पुढच्या आठवड्यात वहिनीनेही दार उघडताना आधी माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं.

टाके काढायचा दिवस आला. आईने धाकट्याला सांगितलं, रजा टाक. ह्यांना माझ्याकरवी निरोप पाठवला, गाडी आण. दोघांनीही कुरकुर केली, तेव्हा म्हणाली, "भांडण तुमचं आहे. डोळा माझा आहे."

हे दारापर्यंत गेले नाहीत. कोपऱ्यावर गाडी उभी करून बसले. धाकटा आईला हाताला धरून घेऊन आला आणि पुढे बसला. पूल मागे पडला. चढ लागला. गाडी अडखळली, हुंदके दिले, आणि नेहमीच्या जागी थांबली.

ह्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. इतक्या महिन्यांत गाडी बंद पडल्याचा आनंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"आई," हे समोर बघत म्हणाले, "साहेबांना विचारा, आता कोण चालवत होतं चुकीचं?"

"आई," धाकटा म्हणाला, "भावजींना विचार, टाकीत पेट्रोल तरी आहे का."

"साहेबांना सांगा, काटा बघायला डोळे लागतात."

"माझ्यासमोर डोळ्यांचं काढू नका," आई म्हणाली. "उतरा आणि बघा."

हे तरातरा उतरले. टाकीचं तोंड आईच्या खिडकीच्या जरा मागे होतं. ह्यांनी दात-ओठ खाऊन झाकण फिरवलं, आणि फुस्स्स असा लांबलचक आवाज आला.

आई दचकली. "इतका मोठा उसासा कोणी टाकला?"

"मी नाही," हे म्हणाले.

"मीही नाही," धाकटा म्हणाला, पण तो तोवर गाडीतून उतरलाही होता. त्याने ह्यांच्या हातातून झाकण घेतलं, उलटं केलं. आतल्या बाजूला काळ्या रबराची चकती होती, औषधाच्या मोठ्या बरणीच्या बुचाला असते तशी. कडेने लाख ओतून अशी सफाईने बसवली होती, की कंपनीनेच बसवली वाटावं.

"भावजी, हे कोणी केलं?"

"मीच बूच बसवलं होतं. झाकणाला बारीकसं भोक होतं, आणि कडेला वॉशर सैल. वास यायचा."

"ते भोक हवा आत जायला असतं! पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत जायला नको? दार-खिडक्या बंद करून तुम्ही तिला..." तो थांबला. "दम कोंडतो म्हणालात तुम्ही. धाप लागते म्हणालात."

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. मी धाकट्याच्या तोंडाकडे बघत होते. जिंकला होता तो. बाहेरचा हात लागलेली गाडी, म्हणजे गॅरंटी मुळातच संपली. मॅनेजरला हे कळलं असतं तर त्याची पाठ थोपटली असती, आणि ह्यांनी मग माझ्या भावाचं तोंड जन्मात बघितलं नसतं.

"पण वास आला तर येऊ द्यायचा," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे यायचं."

"आईंना मळमळत होतं," हे खाली बघून म्हणाले. "उलटी झाली असती तर टाके निघाले असते. तुझ्याकडे येऊन नंबर लावायला वेळ कुठे होता?"

तेव्हा आईने काचेवर हात ठेवला. तिला सवय झाली नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं. मलाही.

धाकट्याने खिशातून चाकू काढला, रबर लाखेसकट अलगद सोडवलं आणि चाकूसोबत खिशात टाकलं. "चला," तो म्हणाला, "डॉक्टर थांबायचे नाहीत. भावजी, तुम्हीच चालवा. आई, खिडकी उघड आणि तोंड बाहेर ठेव."

गाडी चढ चढून गेली.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला, टाय न लावता. हातात नवं झाकण, घट्ट वॉशरचं. "जुन्याचं वॉशर कंपनीचंच चुकलेलं होतं. तेवढं गॅरंटीत बसतं म्हणाले." ह्यांनी वेष्टन हातात घेऊन फिरवलं. त्यावरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडलेली होती. आयुष्य चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलेल्या माणसाला ते दिसणार नाही?

"कंपनीला आभार सांगा, साहेब," हे म्हणाले. मग मला म्हणाले, "चल, आईंना बघून येऊ." आणि धाकट्याबरोबर चालतच निघाले, मी चप्पल घालायच्या आत.

आईचा तो डोळा शेवटपर्यंत चांगला राहिला. मरायच्या आदल्या वर्षापर्यंत ती सुईत दोरा ओवायची आणि आम्हाला लाजवायची. वहिनीने पुन्हा कधी दार उघडताना माझ्यामागे बघितलं नाही, उलट ह्यांना घेऊन का आली नाहीस म्हणून रागवायची. धाकट्याने काही वर्षांनी नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथे गिऱ्हाइक काहीही म्हणो, गाडी रडते, गाडी कण्हते, तो न हसता ऐकून घेतो आणि आधी टाकीचं झाकण उघडून बघतो. वर्कशॉपमधला तो फोरमनही त्याच्याकडेच कामाला आला. गाडी आम्ही एका शाळामास्तरांना विकली. ती त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त चालली.

हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवशी भेटायला आलेले लोक निघून गेल्यावर धाकटा एकटा माझ्यासमोर बसून राहिला होता. मी तोवर रडले नव्हते. नुसता एक लांब श्वास माझ्या तोंडून सुटला.

"इतका मोठा उसासा कोणी टाकला?" धाकट्याने हळूच विचारलं.

मग मात्र मी रडले, आणि मला बरं वाटलं. मी अजून आहे. चहाचा डबा आता सहज उघडतो.