बायोडेटातली सहा वर्षं

नोकरीचा अर्ज करायचा म्हटलं, की आपण काय करतो? जे थोडंफार केलंय ते फुगवतो आणि जे सांगायला लाज वाटते ते झाकतो. थोरल्या सुनेच्या घरी तर या कामाला घरचाच माणूस होता. तिचा धाकटा दीर बॅनर छापायचा. सगळी गल्ली त्याला रंगोबा म्हणे. त्याचा लाल रंग असा भडक, की चौकात त्याचा बॅनर लागला की गाड्या सिग्नल समजून थांबत!

मुलाखतीच्या दिवशी सकाळी रंगोबा वहिनीचा बायोडेटा दोन्ही हातांवर झेलत घेऊन आला. जाड चकचकीत कागद, मागे उगवता सूर्य, कडेनं सोनेरी वेल. फोटो इतका उजळला होता, की थोरलीनंच विचारलं, "ही कोण?"

"वहिनी, तूच! जरा पॉलिश मारलंय."

थोरली वाचत गेली आणि मध्येच अडखळली. सासूबाईंचं एक अंग लुळं पडलं तेव्हा तिनं दवाखान्यातली स्वागतिकेची नोकरी सोडली होती. त्याला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांच्या जागी झळकत होतं : 'संचालिका, उषःकाल उद्योगसमूह.'

"हा कुठला उद्योगसमूह?"

"माझ्या कॉम्प्युटरमधला!" रंगोबा खुशीत म्हणाला. "सहा वर्षं घरी बसले होते असं लिहिलंस, तर दारातूनच वाटेला लावतील."

थोरलीला हे पटत नव्हतं, पण मोठ्या रुग्णालयातली ती जागा तिला मनापासून हवी होती. रुग्णांच्या नातेवाइकांना धीर द्यायचा, वाट दाखवायची, असं काम. तिनं कागद फाइलमध्ये घातला. तेवढ्यात काठी टेकत सासूबाई आल्या.

"बघू गं." चष्मा लावून त्यांनी पान वाचलं. मग मान वर केली. "काय रे रंगोबा, मी मेले होते का?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"मग या सहा वर्षांत मी कुठंय? मला कुशीवर कोण वळवत होतं, तुझा उद्योगसमूह?"

"आई, पण त्याला नोकरी कोण म्हणतं?" थोरली पुटपुटली. "सगळे विचारतात, घरी बसून काय केलंस?"

"बसलीस कधी तू? बाहेरची बाई ठेवली असती, तर तिला आपण परिचारिका म्हटलं असतं. सुनेनं केलं, की ती घरी बसलेली! आणि हे खोटं उघडं पडलं ना, तर तुझं खरं कामसुद्धा कोणी खरं मानणार नाही. मग काय करशील?"

थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! तिनं फाइलमधून तो कागद उपसून काढला.

"रंगोबा, चल दुकानात! पांढरा कागद, काळी अक्षरं. आणि तो सूर्य मावळू दे!"

दुकानात ती भराभर सांगत गेली आणि तो टाइप करत गेला. पक्षाघाताच्या रुग्णाची घरी पूर्णवेळ शुश्रूषा. औषधांच्या वेळा, रोजचा व्यायाम, डॉक्टरांशी बोलणं.

"कोपऱ्यात एक वेल?"

"नाही."

"बरं, एवढंसं पान?"

"रंगोबा!"

संदर्भासाठी तिनं जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव दिलं, त्याखाली सासूबाईंचं नाव आणि फोन नंबर टाकला आणि धावतच रुग्णालय गाठलं.

मुलाखत घेणाऱ्या बाई करड्या चेहऱ्याच्या. त्यांचं बोट पानावरून सरकत नेमकं त्या सहा वर्षांवर थांबलं. थोरलीचा जीव कागदाएवढा झाला.

"संदर्भ म्हणून सासूबाई?" बाईंनी भुवया उंचावल्या. "हे मी पहिल्यांदाच बघतेय." आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, तोही स्पीकरवर!

"ती?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "भारी कडक! व्यायाम चुकवला, की टीव्हीचा रिमोट लपवायची. कडू औषध पाजल्याशिवाय हलायची नाही."

थोरलीनं डोळे मिटून घेतले.

"पण माझ्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिनं. मी रडले, की आधी ऐकून घ्यायची, मग गोळी द्यायची. आणि हे बघा, संध्याकाळी तिला वेळेवर सोडा. चहा मला तिच्याच हातचा लागतो!"

बाई अशा हसल्या, की बाहेर ताटकळलेले उमेदवार दचकून उभे राहिले! मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ न देणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. सोमवारपासून या!"

आता संध्याकाळचा चहा रंगोबा करतो. सुरुवातीला सासूबाई तो कुंडीत ओतायच्या. हल्ली अर्धा कप तरी पितात. आणि दुकानात कोणी बायोडेटा छापायला आलं, बाई असो की बाप्या, की तो आधी विचारतो, "मधल्या वर्षांत घरी कोणाचं केलंत? लाजू नका, सांगा!"

मंडळी, कोणाचं तरी दुखणं काढण्यात गेलेली वर्षं रिकामी नसतात. त्यांच्यावर खोट्याचं पांघरूण घालू नका, ती ताठ मानेनं लिहा. आणि तुम्ही अर्ज वाचणाऱ्याच्या खुर्चीत असाल, तर त्या ओळीशी थांबा आणि एक फोन नक्की करा!