एकाच इन्व्हर्टरवर

"वहिनी, सर्व्हरचा प्रोसेसर घरात नको आणू. तुमच्या घरी आईचं मशीन आहे," असं रक्षा म्हणाली होती. मी हसून विषय बदलला.

रक्षा माझी नणंद. नागपूरला एका कंपनीची सर्व्हर रूम सांभाळते. माझे यजमान कमलेश आंधळगावात लग्नं, नामकरणं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली नाटकं शूट करतात आणि घरीच बसून एडिट करतात. मंडईचा हंगाम संपता संपता त्यांचा जुना कम्प्युटर बसला, तेव्हाची ही गोष्ट.

आईचं मशीन म्हणजे सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन. करोनात त्यांची, मालनबाईंची, फुप्फुसं गेली ती भरून आलीच नाहीत. हे मशीन हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडतं. सिलिंडरसारखा त्यात साठा नसतो. वीज गेली की तेही थांबतं. म्हणून इन्व्हर्टर घेतला होता, मोठ्या बॅटरीचा, एकट्या मशीनला दिवस-रात्र पुरेल असा. त्यावर फक्त आईंचं मशीन आणि एक दिवा, बाकी काही लावायचं नाही, असं ठरलेलं.

कमलेशनी मोबाईलवर दोन कम्प्युटर काढून ठेवले होते. किंमत जवळपास सारखी. एक घरगुती, सहा कोअरचा, नवा. दुसरा चौदा कोअरचा, त्याचा प्रोसेसर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरमधून निघालेला, नव्या बोर्डावर बसवलेला. रक्षा स्पीकरवर होती.

"दादा, साधा घे. त्याच्यात ग्राफिक्स आतच रायते, लग्नाचा व्हिडिओ त्याच्यावर भराभर निघते. सर्व्हरच्याले वेगळं कार्ड लागते. ते अजून करंट खाते."

"अवं पन चौदा कोअर," कमलेश म्हणाले. "चौदा मानसं एका वक्ती काम करून राहिले समज."

आई खाटेवरून म्हणाल्या, "चौदा जन कामाले लावता बाबू, पन त्याईले जेवाले कोन घालन?"

आम्ही सगळे हसलो. आईंना हसताना खोकला आला, म्हणून मग थांबलो.

"सर्व्हर रात्रंदिवस चालतात, बंद पडत नाहीत," मी म्हटलं. "आपल्या गावाला तेच पाहिजे." मी बी.एस्सी. कम्प्युटर केलेलं. हे वाक्य मला पाठ होतं.

"खाली जनरेटर रायते म्हणून चालतात ते, वहिनी. एसी रायते, पाहाले मानूस रायते. प्रोसेसर पाहून नको ठरवू, घर पाहून ठरव."

कमलेश माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूच सांग. तू शिकली हायेस." मी चौदाचा सांगितला.

मशीन आलं आणि पहिले काही दिवस घरात सण असल्यासारखं होतं. मनाली, माझी तीन वर्षांची लेक, त्याच्या पंख्यासमोर उभी राहून केस उडवून घ्यायची. गरम हवा यायची. उन्हाळ्यात ती खोली तापू लागली तशी आईंची खाट आम्ही बाहेरच्या खोलीत घेतली.

खरा त्रास वेगळाच निघाला. व्हिडिओ पूर्ण होऊन फाईल बनायला तासन् तास लागायचे, त्याला रेंडर म्हणतात. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. जुन्या कम्प्युटरला पुरणारा यूपीएस या मशीनला पुरेना. दोनदा ओरडायचा आणि बसायचा. नवऱ्या मुलीचे वडील दारात येऊन टोमणा मारून गेले, "कमलेशभाऊ, पोरीले पोरगं होईन तवा देसान का सीडी?"

मग एके दिवशी झाडताना मला खाटेखालून गेलेली काळी वायर दिसली. कम्प्युटरपासून थेट इन्व्हर्टरच्या बोर्डापर्यंत.

"अहो, हे काय?"

"एवढं एक रेंडर होऊ दे. दोन्हीबी चालते, पाह्यलं मी लावून."

त्यांनी पाहिलं होतं ते खरं होतं. पण कम्प्युटर नुसता सुरू असताना पाहिलं होतं. नुसता सुरू असला की तो थोडीच वीज घेतो. चौदाही कोअर कामाला लागले की किती घेतो, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, उद्या काढा. उद्याचं परवा झालं.

रोवण्याचे दिवस होते. त्या दिवसांत आमची गल्ली सकाळपासून ओस असते. बायका शेतात, बांधीत धान रोवायला जातात, दारं नुसती ओढलेली असतात, हाक मारली तर ओ द्यायला कोणी नसतं. कमलेश एका नामकरणाला गेले होते, रेंडर लावून. मी मनालीला अंगणवाडीतून आणायला गेले. परतताना कळलं, लाईट गेलीय. घाई केली नाही. इन्व्हर्टर होता ना.

अंगणात शिरले तर आत यूपीएस ओरडत होता. लाईट गेली की तो रोजच ओरडायचा, काही जोडलेलं नसलं तरी. मी चप्पल काढली, मनालीचे पाय धुतले. तीच आत गेली आणि म्हणाली, "आजी पाहून राहिली, पन बोलत नाही."

आईंचे ओठ जांभळे पडले होते. नळी नाकात होती, तिच्यातून काही येत नव्हतं. इन्व्हर्टरला भार पेलवला नव्हता, तो बंद पडला होता. मी काळी वायर उपटली, इन्व्हर्टर बंद करून परत लावला. मशीन घरघरलं. आईंनी माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

बोलता आलं तेव्हा म्हणाल्या, "कमलेशले नको सांगू. जीवाले लावून घेईन."

मी सांगितलं. त्यांनी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली आणि आईंच्या पायाशी बसून राहिले. कम्प्युटर विकू म्हटलं तर कोणी घेईना. तशात नागपूरच्या एका स्टुडिओने काम द्यायला सुरुवात केली, याच मशीनच्या भरवशावर.

हे मागच्या वर्षीचं. आता मी करडीला आहे, माहेरी. आठवा महिना आहे, बीपी वाढलंय, डॉक्टरांनी खाटेवरून उतरू नको म्हटलंय. मनाली माझ्याजवळ आहे. कमलेश रोज फोनवर म्हणतात, "कायले भेव करतेस? वायर माळ्यावरच हाय."

काल दुपारपासून पाऊस आहे आणि तालुक्याची लाईट नाही. आंधळगावातही नाही, शेजारच्या जनाबाईंनी काल संध्याकाळी फोन करून सांगितलं. आणि आज सकाळी कमलेशनी स्टेटसला एका लग्नाचा व्हिडिओ टाकला. नवा, पूर्ण. नवरा-नवरीची नावं, तारीख, गाणी, सगळं घातलेलं. काल सकाळीच म्हणत होते, त्याचं रेंडर संध्याकाळी लावायचंय.

लाईट नसताना तो कशावर झाला?

मी फोन लावतेय, बंद आहे. जनाबाईंचा लागत नाही. रक्षा निघते म्हणाली, पण नागपूरहून यायला वेळ लागेल. बाबा सायकलवर निघाले होते, नाल्याला पूर आहे म्हणून अर्ध्यातून परतले.

तुम्ही हे वाचताय आणि आंधळगावच्या बाजूला असाल, तर आमच्या घरी एवढं जाऊन या. अंगणवाडीच्या मागची गल्ली, 'कमलेश व्हिडिओ' अशी पाटी आहे. दार ओढलेलं असेल, ढकला. कमलेशना काही बोलू नका, आधी बाहेरच्या खोलीत आईंच्या नळीपाशी हात धरून पाहा, हवा येतेय का.

आणि मला कळवा. काय असेल ते कळवा.