गुडघे टेकायची तालीम

इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना. मला तो वेगळा नाही. नवऱ्याच्या इकाम्याच्या पुस्तिकेत एका पानावर माझा फोटो आहे आणि वर शिक्का : काम करण्यास परवानगी नाही. इतिहासात एम.ए. केलं, साताऱ्याला आठ वर्षं शाळेत शिकवलं, त्याचा कुठे पत्ता नाही. २००४ साली अल-खोबरला आले, तेव्हापासून मी उल्हासची बायको. झालं.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या स्मृतीच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई नोकरी सोडून गेल्या. मुख्याध्यापिका दमयंतीबाई मला म्हणाल्या, "विभावरी, मिस्टरांच्या कफीलचं ना-हरकत पत्र आण, जागा तुझी. पण तीन आठवड्यांत, शेवटचा दिवस बुधवार."

कफील म्हणजे उल्हासच्या कंपनीचा मालक. त्याच्याकडे एक पत्र मागायचं, एवढंच काम. पण आपला 'उद्या' आणि इथला अरबी उद्या, 'बुकरा', यांची चांगलीच गट्टी जमली होती. रोज उल्हासला विचारायचे, त्याचं रोज उद्या.

मंगळवारी संध्याकाळी स्मृतीने टेबलावर वही आपटली. तिला इंग्लंडच्या राजाची बायको, राणी फिलिपा, हिच्यावर प्रोजेक्ट होता.

"मम्मा, व्हॉट डज अ क्वीन कॉन्सॉर्ट ॲक्च्युअली डू?"

"राजाच्या इकाम्यावर राहते," मी म्हटलं. उल्हासला चहाचा ठसका लागला.

मग मी गोष्ट सांगितली. अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर फ्रान्समधलं कॅले शहर शरण आलं. सहा नागरिक गळ्यात दोर घालून इंग्लंडच्या राजापुढे आले. राजा म्हणाला, मुंडकी उडवा. सरदारांनी विनवलं, पण तो ऐकेना. शेवटी पोटुशी राणी त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, आणि त्याला नाही म्हणवेना.

"लेट्स ॲक्ट इट! पप्पा, यू आर द किंग."

उल्हासच्या डोक्यावर खजुराच्या डब्याचं झाकण ठेवलं गेलं. मी गालिच्यावर गुडघे टेकले. एक कटकन वाजला.

"महाराज, सहा जीव नकोत. एक पत्र द्या. उद्या बुधवार आहे."

"से ग्रँटेड, पप्पा!"

उल्हासने झाकण काढून मांडीवर ठेवलं. "मी मागितलंच नाही गं," तो म्हणाला. "रोज मालकाच्या केबिनच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. ऑफिसातल्या विवेकने असंच पत्र मागितलं, तर मालकाने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. मला भीती वाटते."

मला राग आला आणि कीवही आली. कीव जास्त आली, म्हणून आणखी राग आला. इतके दिवस ज्याला राजा समजून टोमणे मारले, तोही कुणाच्या तरी मर्जीवरच राहत होता.

"शुड आय राइट, द किंग इज स्केअर्ड?" स्मृतीने विचारलं.

"नको. ते लिहू नकोस." मी शेजारची जागा थोपटली. "या महाराज, बसा. सकाळी आठला जायचंय, तालीम करून घेऊ. आत गेल्यावर काय म्हणशील?"

उल्हास बसला. त्याचाही गुडघा वाजला. त्याने घसा खाकरला.

"सर, माय वाइफ..." तो अडखळला. "माय वाइफ इज अ टीचर."

खोबरला आल्यापासून हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.