जालीम शब्दाचं पान

मित्रांनो, माझी पहिली अकरा पानं फुटाण्यांबरोबर गेली, म्हणून माझी ओळख मी बाराव्या पानापासून करून देतो. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझ्यात ‘अ‍ॅपल’ हा शब्द नाही. पण माझ्यात एक असं पान आहे की त्याच्या जोरावर मी आजही ताठ उभा राहतो, पाठीची शिवण उसवली असली तरी.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यातला. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, एका वकिलांकडे मी थाटात राहिलो. ते गेल्यावर मी रद्दीत निघालो आणि मार्कंड्याच्या जत्रेत फुटाणेवाल्याच्या हाती पडलो. तो माझं एकेक पान फाडून पुड्या बांधत होता. तेवढ्यात पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातले डोमाजी मास्तर तिथे आले. फुटाणे तोंडात टाकता टाकता त्यांनी पुडीवरचे शब्द वाचले आणि तसेच मागे फिरले. सदऱ्याचं कापड घ्यायचं राहू दिलं आणि मला काखेत मारलं.

सुरुवातीची वर्षं माझ्या भाग्याची होती. गावात इंग्रजी कागद आला की मास्तर मला उघडायचे, शब्दावर बोट ठेवायचे आणि मगच बोलायचे. गाव त्यांना ‘इंग्रजीवाले मास्तर’ म्हणू लागलं. माणसाला मान मिळाला की मानही जरा ताठ होते. हळूहळू मास्तर मला न उघडताच अर्थ सांगू लागले आणि मी लाल फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेलो.

गावात पाण्याची एकच विहीर होती, एकवीस पायऱ्यांची. गुणवंतराव पाटलांच्या आजोबांनी ती बांधली होती. बाया पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. त्या गावात नारू फार. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा निघायचा, आणि तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढावा लागायचा. आग इतकी व्हायची की माणूस पाय पाण्यात घालायचा. त्याच पाण्यात नारूची पिल्लं सुटायची आणि तेच पाणी सगळं गाव प्यायचं.

सन चौपन्नच्या उन्हाळ्यात एक बंगाली डॉक्टर सगळं पाहून गेले आणि त्यांनी चांद्याहून इंग्रजीत पत्र धाडलं. कुणाचाही पाय पाण्याला लागता कामा नये, त्यासाठी ‘ड्रॅस्टिक’ उपाय करावा, असं त्यात होतं. हा शब्द मास्तरांना येत नव्हता. पण समोर सगळं गाव बसलेलं! मला काढायला घरी जावं, तर इंग्रजीवाल्या मास्तरांची लाज जायची. ते बेधडक म्हणाले, “योग्य उपाय करा म्हणते डाक्टर.” पाटलांनी विहिरीत चुना टाकला, नारूवाल्यांनी उतरू नये अशी दवंडी पिटली, नारळ फोडला. झाला योग्य उपाय. दवंडी चार दिवस लक्षात राहिली.

नारू आत शिरला की वर्षानं बाहेर निघतो. पुढच्या वैशाखात गावात सत्तावीस माणसं अंथरुणाला खिळली. त्यात पाटलांची सून मनकर्णाही होती. मृग महिन्यावर आला होता, मग भाताची रोवणी, आणि बायांना पाय टेकवत नव्हते.

अशाच एका दुपारी पेटी उघडली. मास्तरांनी ते जुनं पत्र मांडीवर घेतलं आणि माझी पानं उलटली. शब्द सापडला. ‘जालीम, तीव्र, मुळावरच घाव घालणारा.’ मास्तरांनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. गावात दुसऱ्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. ते गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण त्यांनी मला काखेत घेतलं आणि सरळ पाटलांच्या अंगणात गेले.

“पाटील, मागच्या साली मी चुकीचं सांगतलं,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मले तो शब्द येत नव्हता. लाजेखातर ‘योग्य’ म्हणून टाकलं.”

अर्थ ऐकून पाटलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “याच्याहून हलका शब्द नाई का तुमच्या बुकात?”

“हलके लय आहेत. पण डाक्टरनं हाच लिवला. पाटील, वणवा गावावर येऊन राह्यला तर आपण काय करतो? समोरचं आपलंच गवत आपल्या हातानं पेटवतो. तो ड्रॅस्टिक उपाय. चुना टाकनं नाई.”

“म्हंजे काय कराचं?”

“पायऱ्या तोडाच्या.”

पाटील ताडकन उठले. “माह्या आज्यानं बांधल्या त्या! मी जित्ता असताना हात लावू देनार नाई.”

तेव्हा दाराआडून मनकर्णा बोलली. तिचा पाय पाटावर होता आणि पोटरीला ती काडी बांधलेली होती. “मामाजी, आज्यानं पायऱ्या लोकाइले पानी भेटावं म्हणून बांधल्या. तेच गोटे काढून वरती पाळ बांधा. पानी आम्ही वरूनच ओढू. आज्याचं नावबी राहीन, आमचे पायबी राहीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांवर पहिली पहार पाटलांनीच मारली. मास्तरांनी अंगावरचा सदरा काढून गोटे वाहिले. नऊ दिवसांत एकवीस पायऱ्या वर आल्या, त्यांची विहिरीभोवती छातीभर उंच पाळ झाली आणि तिच्यावर रहाट बसला. पुढच्या साली जुन्या पाण्याचे चार-दोन नारू निघाले. त्यानंतर एकही नाही!

मग त्या शब्दाचं गावाला वेडच लागलं. भाजी तिखट झाली तरी ‘ड्रॅस्टिक’, बैल मारका निघाला तरी ‘ड्रॅस्टिक’. मास्तर रागवायचे, “तिखटाले तिखट म्हना ना! रोज वापरला तर हा शब्द बोथट होते. मंग खऱ्या वक्ताले काय वापरसान?” आणि कुणी अडलेला शब्द विचारला की, पाच माणसं असोत की पन्नास, ते म्हणायचे, “थांबा, पाहून सांगतो.” मित्रांनो, या तीन शब्दांइतका मान मला कुणी दिला नाही.

आता मी शाळेच्या कपाटात असतो. कसरीनं कडा कुरतडल्या आहेत. माझं एवढंच मागणं आहे. न येणाऱ्या शब्दापाशी थांबायला लाजू नका, मला उघडा. आणि पुडीच बांधायची असेल, तर आपल्या रानात पळसाच्या पानांना काय तोटा?

माझं ते पान कधी पाहिलंत तर त्यावर एक डाग दिसेल. रहाटाची पहिली घागर ओढून मनकर्णा लंगडत शाळेत आली होती. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, “मास्तर, तो शब्द कुठी आहे, मले दाखवा.” मास्तरांनी दाखवला आणि तिनं त्यावर आपलं ओलं बोट ठेवलं. तो डाग अजून तिथेच आहे.