बोलायला आधी धाकटी

नकाशांच्या खोलीत एकच बाक होता, तोही तीन पायांचा. चौथ्या पायाच्या जागी जुन्या वह्यांचा गठ्ठा. कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे उभे होते आणि खुर्चीवर टेकवलेला फळा जरा जोरात लिहिलं की मागे कलायचा. परीक्षेआधीचे तीन आठवडे, शाळा भरण्यापूर्वी तासभर, ही खोली बाईंच्या ताब्यात होती.

बाई काही शिक्षिका नव्हत्या. छापखान्यात तेहतीस वर्षं प्रुफं वाचून त्या घरी बसल्या होत्या. शेजारीच राहणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, एक दिवस म्हणाल्या, "घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढता, त्यापेक्षा आमच्या पोरांच्या काढा." म्हणून त्या आल्या.

तिसरीची चार मुलं. एकाला सतत जांभया. एकाची पेन्सिल नेमकी अवघड गणितालाच मोडायची. तिसरा प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, त्याला सगळे वकील म्हणत. आणि चौथी थोरली. घरात दोन बहिणी, ही मोठी, म्हणून थोरली. घरचं नाव शाळेतही चिकटलं होतं.

"इतर तिघं कशीबशी निघतील," मोठ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "हिची खात्री नाही. हिचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा."

"तो आकडासुद्धा ती त्रेसष्ट लिहिते," वकील बाकावरून म्हणाला. "त्रेसष्टात बरं असतं बाई, दोघं समोरासमोर येतात."

थोरली हसली नाही. नापास झाली तर तिला पुन्हा तिसरीत बसायचं होतं, आणि यंदा दुसरीतून धाकटी तिसरीत येणार होती. एकाच वर्गात, बहुतेक एकाच बाकावर. वर्गातल्या मुलींनी आत्ताच म्हणायला सुरुवात केली होती, "कानामागून आली आणि तिखट झाली." थोरलीने ते ऐकून घेतलं होतं. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती डबा एकटीच खायची.

बाईंनी फळ्यावर बेरजा मांडल्या. थोरलीच्या सगळ्या बरोबर, हातच्यासकट. मग बाईंनी वीस संख्या तोंडी सांगितल्या. पंधरा चुकल्या.

"लक्ष नसतं तिचं," मोठ्या बाई दारातून म्हणाल्या.

बाईंनी वही घरी नेली. चष्मा पुसून, एखादं प्रूफ पुढ्यात आल्यासारखी वाचली. छापखान्यात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. निष्काळजी माणूस दर वेळी निराळं चुकतो. जो दर वेळी सारखाच चुकतो, त्याच्याजवळ काहीतरी नियम असतो, फक्त तो आपल्याला ठाऊक नसतो. बरोबर आलेल्या पाच संख्या त्यांनी खाली उतरवून काढल्या: तीस, सत्तर, बावीस, चव्वेचाळीस, सहासष्ट. चुकलेल्यांत सत्तेचाळीस म्हणजे ७४. अडतीस म्हणजे ८३.

त्यांनी 'सत्तेचाळीस' मोठ्याने म्हणून पाहिलं. सत्ते. चाळीस. आधी सात येतो, मग चार. पोरगी जसं कानावर पडतं तसंच इमानदारीने कागदावर उतरवत होती. बावीसची अदलाबदल केली तरी बावीसच, म्हणून ते बरोबर. लक्ष नसतं म्हणे! तिच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारं त्या शाळेत दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी थोरलीची आई भेटली. ती कपडे शिवायची.

"माझ्याकडे मापं लिहायला बसवली होती हिला," आई म्हणाली. "मी सांगितलं कंबर सव्वीस. हिने लिहिलं बासष्ट. मी मेली घाईत तसंच कापड बेतलं. गिऱ्हाईक झगा अंगाला लावून विचारतं, सोबत आणखी कोणाला घेऊ का आत?"

तिच्या मागून धाकटीने डोकं काढलं. "मी सांगितलं होतं आईला! मीच सांगितलं होतं आधी!"

"तू गप गं. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

थोरली वळली आणि चालू लागली. तिचं दप्तर पकडून धाकटी मागोमाग. बाई त्या दोघींकडे पाहत राहिल्या.

"घरी आधी कोण बोलतं गं?" खोलीत गेल्यावर बाईंनी विचारलं.

"धाकटी. नेहमी तीच."

"आणि चालताना पुढे कोण?"

"मी. तिला रस्ता कुठे ओलांडता येतो?"

"मग आकड्यांच्या घरीसुद्धा तसंच आहे बघ." बाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. "सत्ते-चाळीस. सात धाकटी, ती आधी बोलली. पण बसायची कुठे?"

"मागे," थोरली म्हणाली, आणि पुढच्या चौकोनात चार लिहून थांबली. मग सात.

बाईंच्या आईला जात्यावरची गाणी येत. बाईंना तेवढी येत नव्हती, पण ताल कानात होता. त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं:

बोलायला आधी धाकटी,
चालायला आधी थोरली;
कानाने धाकटी ऐकली,
हाताने थोरली कोरली.

आठवडाभर नकाशांची खोली त्याच ओळींनी घुमली. जांभयावाला जागा राहू लागला. तेहतीस, पंचावन्न आल्या की वकील ओरडायचा, "जुळ्या!" आणि पेन्सिलवाल्याची पेन्सिल चक्क दोन दिवस टिकली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी सहज सांगितलं, "एकोणपन्नास."

थोरलीने ओळी पुटपुटल्या आणि ठामपणे लिहिलं: ५१.

"एक धाकटी, ती मागे. पन्नास थोरली, ती पुढे," ती म्हणाली.

वकील उठून उभा राहिला. "बाई, तुमचं गाणं खोटं पडलं."

पडलंच होतं. तेहतीस वर्षं प्रुफं वाचून स्वतःच्या चार ओळींतली चूक त्यांच्या नजरेतून सुटली होती. एकोण म्हणजे एक उणे, पन्नासला एक कमी, असं त्यांनी सांगून पाहिलं. थोरली ऐकत होती, पण तिची बोटं पेन्सिलीवर नुसती फिरत होती. तेवढ्यात घंटा झाली.

त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागलं नाही. होतं तेही आपण विस्कटून टाकलं की काय? एकोणच्या भीतीने पोरगी उद्या सत्तेचाळीसही उलटं लिहून बसेल.

परीक्षेत मोठ्या बाई संख्या तोंडी सांगणार होत्या, मुलांनी त्या आकड्यांत लिहायच्या. दहा संख्या, पास व्हायला सहा. बाईंना व्हरांड्यात उभं राहायची परवानगी मिळाली, खिडकीपासून दोन हात लांब. त्यांना थोरलीचं डोकं आणि उजवा कोपर तेवढा दिसत होता. प्रत्येक संख्येला ओठ हलत, मग कोपर हले. सातवी संख्या आली: "एकोणसत्तर." ओठ हलले. कोपर हललाच नाही. मोठ्या बाईंनी आठवी सांगितली, नववी सांगितली. कोपर पुन्हा हलू लागला. दहावी झाल्यावर, वह्या गोळा होत असताना, थोरली पुन्हा वहीवर वाकली आणि घाईघाईने काहीतरी लिहिलं.

मोठ्या बाईंनी वह्या तिथेच तपासल्या. तासाभराने त्या थोरलीची वही घेऊन व्हरांड्यात आल्या.

"सात बरोबर," त्या म्हणाल्या. "तीन चुकल्या, त्या मात्र खऱ्या चुकल्यात. आकडे उलटे लिहिलेली त्यांत एकही नाही."

बाईंनी आधी सातवी ओळ पाहिली. ६९. आकडे जरा तिरपे, घाईत लिहिलेले.

थोरली शेजारी येऊन उभी राहिली होती.

"हे कसं लिहिलंस गं?" बाईंनी विचारलं. "गाण्यात तर हे नव्हतं."

"धाकटी नुसती बोलली," थोरली म्हणाली. "येते येते म्हणाली, पण आलीच नाही. सत्तर जणांत एक कमी." मग जरा थांबून तिने विचारलं, "पास?"

"पास."

तिने मान डोलवली, जणू कोणी रस्ता मोकळा आहे एवढंच सांगितलं होतं.

पण दुसरीच्या वर्गाला ते ऐकू गेलं होतं. धाकटी धावत व्हरांड्यात आली आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, "आमची थोरली पास झाली! चौथीत गेली! मी सांगितलं होतं!"

"हळू," थोरली म्हणाली. तिने दप्तर खांद्याला लावलं, फाटकाबाहेर दोन्हीकडे पाहिलं आणि निघाली. धाकटी बोलतच होती. बोलता बोलता तिने पुढच्या दप्तराचा पट्टा पकडला.

बाई नकाशांच्या खोलीत परतल्या. फळा पुसायचा होता. वरच्या चार ओळी त्यांनी तशाच ठेवल्या आणि खाली, उरलेल्या जागेत, पाचवी लिहिता येते का ते पाहू लागल्या.